उपवास, उपासमार आणि एक जिवाणू

आमच्या जामसांवलीला मंगळवारी आणि शनिवारी येणारे भाविक पुष्कळदा उपवास धरून येतात. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीचे दर्शन घेतल्यावाचून पाण्याचा घोटही न घेणारी माणसे मी लहानपणापासून पाहत आलो आहे. त्यांच्या मुखावर भुकेची ग्लानी असते, पण दैन्य नसते. कारण उघड आहे. उपवास आपण धरलेला असतो. त्याचा आरंभ आपल्या हाती असतो आणि शेवटही. उपासमार मात्र आपल्याला धरते. ती केव्हा येईल हे आधी कळत नाही आणि केव्हा जाईल हेही कोणी सांगू शकत नाही. या दोन भुकांना आपल्या भाषेने दोन निरनिराळी नावे दिली, यात मोठाच विवेक आहे असे मला वाटते.

या लेखात मला दुसऱ्या भुकेविषयी लिहावयाचे आहे. आणि तेही आरंभी माणसाच्या नव्हे, तर जिवाणूच्या. ज्याला पोट नाही, जिव्हा नाही, डोळ्यांत पाणी आणावयास डोळेही नाहीत, त्याला भूक ती कसली, असे कोणी म्हणेल. मलाही जीवशास्त्राचा तो धडा वाचण्यापूर्वी असेच वाटत होते. परंतु तो धडा वाचल्यापासून माझ्या मनात एक विचार घर करून बसला आहे, आणि तो पुस्तक मिटल्याने मिटत नाही.

माणसाच्या आतड्यात राहणारा ई. कोलाय हा जिवाणू घ्या. थिओडोर एश्चेरिश या वैद्याने १८८५ साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्याची लांबी मिलिमीटरच्या सुमारे पाचशेव्या भागाइतकी. पण एवढ्याशा देहात सुमारे ४,३०० जनुके असतात. जनुक म्हणजे एखादे प्रथिन कसे घडवावे याची लिहून ठेवलेली सूचना. आपण या संचाला एक पोथी म्हणू आणि प्रत्येक जनुकाला त्या पोथीचे एक पान. हे पान वाचले जाऊन त्याबरहुकूम प्रथिन तयार झाले, की त्या जनुकाची अभिव्यक्ती झाली असे शास्त्रज्ञ म्हणतात. यातली खरी मौज अशी, की सारी पाने एकाच वेळी कधीच वाचली जात नाहीत. प्रत्येक वाचनाला खर्च आहे. प्रथिन घडवावयाचे तर कच्चा माल लागतो, ऊर्जा लागते. आणि जिवाणूच्या घरी कोठार असे फारसे नसते. म्हणून कोणते पान उघडावे आणि कोणते मिटून ठेवावे, हा त्याच्या जीवनमरणाचा प्रश्न असतो.

या प्रश्नाचे उत्तर प्रथम ज्यांना गवसले, त्यांत झाक मोनो या फ्रेंच शास्त्रज्ञाचे नाव अग्रभागी येते. त्यांनी जिवाणूंना दोन साखरा एकत्र घातल्या, एक ग्लुकोज आणि दुसरी दुधातली साखर. जिवाणूंनी प्रथम ग्लुकोज संपविले. मग त्यांची वाढ काही काळ थांबली. पाहणाऱ्यास वाटावे, संपला बिचाऱ्यांचा खेळ! परंतु थोड्या वेळाने वाढ पुन्हा सुरू झाली. आता ते दुधातली साखर खाऊ लागले होते. आपल्याकडे कणगीतला गहू संपला की गृहिणी ज्वारीचे पीठ मळावयास घेते, तसाच हा प्रकार. मोनो यांनी हे आपल्या १९४१ सालच्या प्रबंधात मांडले. मधल्या त्या थांबण्याचा अर्थ लागावयास मात्र आणखी वीस वर्षे जावी लागली. १९६१ साली मोनो आणि त्यांचे सहकारी फ्रान्स्वा झाकोब यांनी दाखवून दिले, की दुधातली साखर पचविणाऱ्या जनुकांवर एक प्रथिन कुलपासारखे बसलेले असते. ती साखर पेशीत आली की कुलूप निघते; आणि ग्लुकोज संपल्याची वर्दी पेशीत फिरली की ते पान भराभर वाचले जाऊ लागते. थांबलेला तो काळ आळसाचा नव्हता; तो पान उलटण्याचा होता. १९६५ साली या दोघांना आंद्रे ल्वॉफ यांच्यासह नोबेल पारितोषिक मिळाले.

येथे एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. भुकेने जिवाणूला नवे असे काही दिले नाही. दुधातली साखर खाण्याची विद्या त्याच्या पोथीत आधीच होती. भुकेने एवढेच केले, की तिने एक पान मिटवून दुसरे उघडले.

अन्न बदलण्याची सोय नसून एखादी आवश्यक वस्तूच संपली, तर काय होते? प्रथिनांचे घटक असलेली अमिनो आम्ले कमी पडली असे समजा. पेशीत प्रथिने जुळविणारी हजारो केंद्रे असतात. त्यांना रायबोसोम म्हणतात. अमिनो आम्ल वाहून आणणारा हमाल जेव्हा रिकाम्या हातांनी या केंद्रात येतो, तेव्हा तेथेच एक लहानसा रेणू तयार होऊ लागतो. १९६९ साली मायकेल कॅशेल आणि जोनाथन गॅलंट यांना भुकेल्या जिवाणूंच्या रसाची परीक्षा करताना एक अनपेक्षित ठिपका दिसला. त्याला गमतीने 'जादूचा ठिपका' असे नाव पडले. तोच हा रेणू. याचा संदेश पसरला की पेशी काही मिनिटांत नवी रायबोसोमे घडविणे जवळजवळ थांबविते. म्हणजे वाढ थांबविते. आणि त्याच वेळी, जी अमिनो आम्ले बाहेरून मिळेनाशी झाली, ती घरीच तयार करण्याची पाने उघडते. आधी खर्चाला आवर, मग घरच्या उद्योगाला आरंभ, असा हा क्रम. आमच्या आजीने कोरड्या वर्षांत घर कसे चालविले याच्या ज्या हकिगती मी ऐकल्या आहेत, त्यांत हाच क्रम आहे: प्रथम नवे लुगडे बंद, मग अंगणात वालाचा वेल.

हे झाले प्रयोगशाळेतले. आता आपल्या शिवारात येऊ. पांढुर्णा आणि सौंसर हा संत्र्यांचा आणि पऱ्हाटीचा मुलूख. २०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा होऊन आपला पांढुर्णा जिल्हा झाला. पण जाम नदीच्या दोन्ही अंगांची माती, तिच्यातल्या तुरी, ज्वारी आणि कपाशी जशा होत्या तशाच आहेत. या मातीत अॅझोटोबॅक्टर नावाचा एक जिवाणू राहतो. बायरिंक या डच शास्त्रज्ञाने १९०१ साली त्याचा शोध लावला. त्याच जिवाणूचे संवर्धन पाकिटात भरलेले मिळते. बाबा ते गुळाच्या पाण्यात कालवून ज्वारीच्या बियाण्याला चोळतात आणि बियाणे सावलीत सुकवितात. दहा किलो बियाण्याला अडीचशे ग्रॅमचे एक पाकीट. लहानपणी ते काळे, ओलसर पीठ पाहून मला ती साधी मातीच वाटे.

या जिवाणूचे कसब असे, की तो हवेतला नत्र पिकाला उपयोगी पडेल अशा रूपात आणू शकतो. हवेचा सुमारे ७८ टक्के भाग नत्रच आहे. परंतु त्या नत्राचे दोन अणू एकमेकांना तिहेरी बंधाने असे घट्ट धरून असतात, की झाडाला त्याचा काडीचा उपयोग नाही. भरल्या नदीच्या काठी तहानेने मरावे तशी ही अवस्था. हा बंध फोडावयाला युरियाच्या कारखान्यात चारशे अंशांहून अधिक उष्णता आणि प्रचंड दाब लागतो. अॅझोटोबॅक्टर तेच काम आपल्या शिवारातल्या साध्या उष्णतेत करतो. त्यासाठी त्याच्याजवळ नायट्रोजनेज नावाचे विकर आहे. पण हे काम स्वस्त नाही. नत्राच्या एका रेणूसाठी पेशीला एटीपी या आपल्या ऊर्जेच्या चलनाची निदान सोळा नाणी मोजावी लागतात. म्हणूनच, मातीत आयता अमोनिया मिळत असला तर हा शहाणा जीव नत्र बांधण्याची जनुके मिटूनच ठेवतो. या कामी त्याच्याजवळ दोन प्रथिने आहेत. एक पान उघडणारे. दुसरे त्या उघडणाऱ्याचा हात धरून ठेवणारे. पेशीत नत्राची चणचण भासू लागली की दुसऱ्याची पकड सुटते आणि पहिले आपल्या कामाला लागते.

यावरून शेतकऱ्याने घ्यावयाचा बोध सरळ आहे. जिवाणूची पाकिटे लावावयाची आणि त्याच मातीत युरियाची भरमार करावयाची, म्हणजे वाढप्याला पंक्तीत बोलावून त्याच्यासमोर ताट वाढून ठेवण्यासारखे आहे. तो मजेत जेवील. वाढणार मात्र नाही. बाबांना मी हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे त्याले थोडं उपाशी ठेवा लागते." मी म्हटले, "नत्रापुरतेच, बाबा. शेणखत मात्र त्याला पोटभर हवे. ऊर्जा आणणार कोठून?" या एका जिवाणूने पिकाची सारी भूक भागेल असे मुळीच नाही. परंतु कोणाला केव्हा किती द्यावे, हे कळल्याने खताचा हिशेब डोळसपणे करता येतो, हेही काही थोडे नव्हे.

याच जिवाणूची आणखी एक कथा मला फार आवडते. नत्र बांधणाऱ्या त्या विकराला मॉलिब्डेनम या धातूचा अंश लागतो. मातीत हा धातूच मिळेनासा झाला तर? पॉल बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० साली दाखवून दिले, की अशा वेळी अॅझोटोबॅक्टर नत्र बांधणे सोडीत नाही. त्याच्याजवळ दुसरा मार्ग आहे. पुढील संशोधनात उलगडले, की त्याच्या पोथीत व्हॅनेडियमवर चालणाऱ्या दुसऱ्या विकराचे पान आहे, आणि व्हॅनेडियमही नसेल तर केवळ लोखंडावर चालणाऱ्या तिसऱ्याचेही आहे. दुसरे पहिल्याहून कमी कुशल आणि तिसरे त्याहूनही कमी. परंतु काम बंद पडत नाही. आणि मॉलिब्डेनम पुन्हा मिळू लागताच तो पहिले पान उघडतो. किती पिढ्या ते पान मिटून राहिले असेल, याचा हिशेब त्याला ठेवावा लागत नाही. मिटलेले पान फाडलेले नसते.

हे वाक्य मी वहीत लिहिले, आणि तेथेच माझी लेखणी अडखळली. कारण त्या क्षणी मला माझी थोरली बहीण आठवली.

ताई आमच्या घरातील सर्वांत बुद्धिमान व्यक्ती. जीवशास्त्र तिच्या आवडीचा विषय. आज मी ज्या पुस्तकातून हा धडा वाचला ते तिचेच आहे, आणि त्याच्या समासात तिच्या सुबक अक्षरांतील टिपणे आहेत. दोन वर्षांपूर्वी ती बारावी उत्तम रीतीने उत्तीर्ण झाली. त्याच वर्षी उन्हाळ्याच्या तोंडाशी गारा पडल्या आणि आमच्या संत्र्यांचा आंबिया बहार बघता बघता झडून गेला. झाडाखाली हिरव्या बोरांएवढ्या फळांचा सडा पडला होता. घरात त्या दिवशी कोणी रडले नाही. पण संध्याकाळी चुलीवर फक्त भाकरी आणि ठेचा होता. मग खर्चाला आवर घालणे सुरू झाले. घराचे अर्धे राहिलेले गिलाव्याचे काम थांबले. बैलजोडी बदलावयाची होती ती राहिली. ताईचा छिंदवाड्याच्या महाविद्यालयातला प्रवेशही राहिला. "पुढच्या साली पाहू, बाई," बाबा म्हणाले. ताईने मान हलविली. माझी शाळेची फी मात्र वेळेवर भरली गेली.

बाबांना मी दोष देत नाही. त्यांनी त्या वर्षी स्वतःसाठी चपलाही घेतल्या नाहीत. संकटात काहीतरी बंद करावेच लागते. जिवाणूही तेच करतो. परंतु तो धडा वाचल्यापासून मला एक फरक दिसू लागला आहे. जिवाणू कोणते पान मिटतो, हे त्याला काय कमी पडले आहे यावरून ठरते. साखर कमी पडली तर एक पान, नत्र कमी पडला तर दुसरे, धातू कमी पडला तर तिसरे. आमच्या गावात मात्र गारा पडोत, पाऊस दडी मारो की कापसाचा भाव उतरो, संकट कोणतेही असले तरी पुष्कळ घरांत प्रथम मिटणारे पान एकच असते. ते मुलीच्या शिक्षणाचे. हे शहाणपण नव्हे; ही नुसती सवय आहे. आणि सवयीला आपण काटकसर असे चांगले नाव देतो.

दुसराही एक फरक आहे. जिवाणूच्या घरी 'पुढच्या साली' हा शब्द नाही. अन्न आले, की काही मिनिटांत मिटलेली पाने उघडू लागतात. माणसाच्या घरी एकदा बंद झालेली गोष्ट बंदच राहण्याची सवय लागते. गतवर्षी बहार बरा आला. त्यातून गिलावा पुरा झाला आणि बैलजोडीही आली. ताईचे पान तेवढे उघडले नाही. कोणी नको म्हटले नव्हते. कोणी विचारलेच नव्हते.

मी आजीला मिटलेल्या पानांची गोष्ट सांगितली. ती निवडीत असलेल्या डाळीवरून नजर न काढता म्हणाली, "पेटी बंद ठेवली तं मोडत नाही, पोरा. पण कुलपाले जंग लागते." आजी शाळेत गेलेली नाही, तरी शास्त्र तिच्याच बाजूचे आहे. जिवाणूंची उपासमार फार लांबली तर त्यांतले बहुतेक मरून जातात. अॅझोटोबॅक्टर जाड कवचाचा कोष करून कोरड्या मातीत दीर्घ काळ तग धरतो हे खरे. पण कोषातला जीव वाढत नाही, नत्र बांधीत नाही, तो केवळ वाट पाहतो. म्हणून भूक शहाणपण शिकविते, दारिद्र्याने माणूस घडतो, असे जे आपण सभांतून ऐकतो, ते मला पुरते पटत नाही. भूक काही शिकवीत नाही. जे आधीच अंगी आहे त्यातलेच काही ती वर काढते आणि काही मिटवून ठेवते. जे मिटते ते वेळीच उघडणे हे भुकेचे काम नव्हे; ते भूक सरल्यानंतरचे काम आहे, आणि माणसाच्या बाबतीत ते आपोआप होत नाही. त्यासाठी कोणीतरी बोलावे लागते.

यंदा आमच्या बागेत बहार चांगला धरला आहे. गेल्या आठवड्यात रात्री जेवताना मी जिवाणूची सारी हकीकत बाबांना पुन्हा सांगितली; या खेपेस मॉलिब्डेनमची कथाही सांगितली आणि शेवटी ताईचे नाव घेतले. आई वाढता वाढता थांबली. बाबांनी 'हो' म्हटले नाही आणि 'नाही'ही म्हटले नाही. त्यांनी ताटात हात धुतला, पंचाला पुसला आणि ताईकडे वळून विचारले, "सौंसरहून छिंदवाड्याले महिन्याच्या पासाचे किती पडतात, बाई?"

ताईने तो आकडा क्षणाचाही विचार न करता सांगितला. दोन वर्षे ती तो विचारून ठेवीत आली होती.